एचआयव्ही तपासणी आणि सीमाभागातील तरुण

बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण हे कल्याणी चालुक्यांच्या राजधानीचे व महात्मा बसवेश्वरांच्या कार्याचे स्थान म्हणून सर्वश्रुत आहे. आजच्या व्यवहारात मात्र या तालुक्याची दुसरी ओळख रस्त्याची आहे. पुणे-सोलापूर-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग तालुक्यातून जातो आणि त्यावरील सस्तापूर बंगला येथे मालमोटारींची वर्दळ सदैव असते. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दख्खनी असा येथील अनेक कुटुंबांचा परिपाठ आहे. येथला तरुण मालमोटारीवर क्लीनर म्हणून चढतो व कालांतराने चालक होतो. कोणी बांधकामाच्या मजुरीसाठी हैदराबाद, पुणे किंवा मुंबई गाठतो. महिनोन्‌महिने घरापासून दूर राहणाऱ्या या वर्गापर्यंत एचआयव्ही प्रतिबंधाचे कार्य कितपत पोहोचते, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. चालक म्हणजे रोगाचा वाहक, असा जो एक समज रूढ झाला आहे तो मात्र अन्यायकारक आहे. धोका व्यवसायात नसतो, असुरक्षित संबंधात असतो.

भारतात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीबाधित असल्याचा २०२१ चा राष्ट्रीय अंदाज आहे. प्रौढांमधील त्याचे प्रमाण ०.२१ टक्के, म्हणजे हजारांत दोन. बाधितांच्या संख्येत महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक ही राज्ये अग्रभागी आहेत. संख्येपेक्षाही विचार करण्याजोगी बाब ही की, तपासणीच्या बाबतीत स्त्री आणि पुरुष यांची स्थिती सारखी नाही. गरोदर स्त्रीची एचआयव्ही तपासणी प्रसूतिपूर्व तपासणीबरोबरच होते. त्यासाठी तिला वेगळा निर्धार करावा लागत नाही. तरुण पुरुषाच्या आयुष्यात असा प्रसंगच येत नाही. त्याला स्वतःहून, आजारी नसताना, केंद्राची पायरी चढावी लागते.

या विषमतेचे परिणाम घराघरांत भोगावे लागले आहेत. पतीची तपासणी झालेली नसते. पत्नीची होते आणि बाधा प्रथम तिच्या रक्तात आढळते. मग जी आधी कळली तिनेच रोग आणला, असा निष्कर्ष सासरची माणसे काढून मोकळी होतात. वास्तविक कोणाचे निदान आधी झाले यावरून कोणाला बाधा आधी झाली हे मुळीच ठरत नाही. तरुणाने वेळीच तपासणी करून घेतली असती तर पत्नीला झालेला संसर्गही टळू शकला असता आणि तिच्या वाट्याला आलेला बोलही.

तरुण मागे का राहतो?

याचे पहिले कारण शरीराचे आहे. एचआयव्हीचा शिरकाव झाल्यावर मनुष्य सरासरी आठ-दहा वर्षे कोणतेही ठळक लक्षण न दिसता हिंडूफिरू शकतो. काम होते, भूक लागते, ओझे उचलता येते. तेव्हा ‘मला काय धाड भरली आहे?’ हा तरुणाचा सवाल त्याच्या दृष्टीने गैर नसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील केवळ ३१ टक्के पुरुषांना एचआयव्हीविषयी सर्वांगीण माहिती होती. सुदृढ दिसणाऱ्या माणसालाही बाधा असू शकते, हे ठाऊक असणे या माहितीत मोडते.

दुसरे कारण अधिक खोल आहे. ते रोगाच्या भीतीचे नसून दिसण्याच्या भीतीचे आहे. तालुक्याच्या रुग्णालयात औषधे देणारा ओळखीचा, रांगेतली बाई गल्लीतली, आणि खोलीवरची पाटी तर सर्वांनाच वाचता येते. त्या खोलीतून बाहेर पडताना कोणी पाहिले तर अहवाल काहीही असो, सोयरिकीच्या वेळी बोलणे निघणारच, ही धास्ती असते. म्हणून गुप्तरोगाची लक्षणे दिसली तरी पुष्कळ तरुण शासकीय रुग्णालयाऐवजी भिंतीवरच्या जाहिराती वाचून भोंदू वैद्याकडे जातात. तेथे पैसा जातो, वेळ जातो आणि संसर्ग तसाच राहतो. काही तरुण तर रक्तदान केले की आपोआप तपासणी होईल, अशी युक्ती योजतात. ही युक्ती घातक आहे. त्याचे कारण पुढे येईल.

तिसरे कारण इतिहासाचे म्हटले पाहिजे. भारतात एचआयव्हीचे निदान प्रथम चेन्नई येथे १९८६ मध्ये झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी गोव्यात जे घडले त्यावरून लोकांच्या मनात तपासणी आणि शिक्षा यांची सांगड कशी बसली असेल, याची कल्पना येते. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुणाने दिलेल्या रक्तात एचआयव्ही आढळला. त्याला कोणी समजावून सांगितले नाही. पोलिसांनी त्याला नेले आणि क्षयरोग्यांसाठीच्या वापरात नसलेल्या इमारतीत ६४ दिवस एकटे ठेवण्यात आले. त्याच्या मातेने उच्च न्यायालयात दाद मागितली. पुढे बाधितांच्या हक्कांसाठी झटत असताना १९९२ मध्ये त्याचे निधन झाले. समुपदेशनाशिवाय केलेली तपासणी म्हणजे काय, याचे यापेक्षा बोलके उदाहरण सापडणे कठीण.

धोरणात पडलेला फरक

तेव्हापासून बराच पल्ला गाठला गेला आहे. १९९७ पासून ऐच्छिक समुपदेशन व तपासणी केंद्रे सुरू झाली. २००६ मध्ये त्यांना एकात्मिक स्वरूप आले. त्याच १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका हंगामी कामगाराच्या प्रकरणात निर्णय दिला की, काम करण्यास सक्षम असलेल्या व्यक्तीस केवळ एचआयव्हीच्या कारणावरून रोजगार नाकारता येणार नाही. २०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. त्यानुसार व्यक्तीच्या जाणत्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, संमतीत तपासणीपूर्व व तपासणीनंतरचे समुपदेशन अंतर्भूत आहे, आणि कायद्याने सांगितलेले अपवाद वगळता अहवाल दुसऱ्यास कळविता येत नाही. लपून बसलेल्या तरुणाला हे कोणी सांगितलेले नसते, हीच खरी उणीव आहे.

समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे. नीतीचे पाठ ऐकावे लागतील या कल्पनेनेच कित्येक तरुण दाराशी थबकतात. प्रत्यक्षात समुपदेशक प्रथम धोका कोठे व केव्हा घडला असेल हे जाणून घेतो, तपासणीचा अर्थ सांगतो आणि अहवाल कोणताही आला तरी पुढे काय करावयाचे याची तयारी करून घेतो. अशा खाजगी गोष्टी माणूस ज्या भाषेत बोलतो ती कचेरीची भाषा नसते. सीमाभागातील केंद्रात मराठीत ऐकणारा माणूस असणे ही म्हणूनच केवळ सोय नव्हे. त्यावाचून संभाषणच होत नाही.

तपासणी साधी आहे. थोड्या रक्तावर जलद चाचणी होते. पहिल्या चाचणीत प्रतिपिंडे आढळल्यास वेगवेगळ्या तत्त्वांवर आधारलेल्या आणखी दोन चाचण्या करून, तिन्हींचा निष्कर्ष जुळल्यावरच बाधा असल्याचे सांगितले जाते. मात्र संसर्गानंतर रक्तात प्रतिपिंडे तयार होण्यास काही आठवडे, क्वचित तीन महिन्यांपर्यंत अवधी लागतो. यालाच ‘विंडो पिरियड’ म्हणतात. या अवधीत चाचणीत काहीच आढळत नाही, परंतु रक्तात विषाणू असतो. रक्तदानातून गुपचूप तपासणी साधण्याचा मार्ग यामुळेच घातक ठरतो. पेढीतील चाचणीतून निसटलेले रक्त एखाद्या निरपराध रुग्णाला चढविले जाऊ शकते.

येणाऱ्या बहुसंख्य तरुणांचा अहवाल बाधा नसल्याचाच असतो. तेथेच समुपदेशनाचे महत्त्व अधिक आहे, कारण निरोधचा नियमित वापर, गुप्तरोगाचा योग्य उपचार आणि गरज भासल्यास तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी या गोष्टी त्याच वेळी पटवून देता येतात.

बाधा आढळल्यास सारे संपले, ही समजूत आता कालबाह्य झाली आहे. शासनाने एप्रिल २००४ पासून निवडक रुग्णालयांत एआरटी औषधे मोफत देण्यास आरंभ केला. २०१७ पासून रोगप्रतिकारशक्ती किती घटली आहे याची वाट न पाहता निदान होताच औषध सुरू करण्याचे धोरण आहे. २०११ मध्ये जाहीर झालेल्या एका आंतरराष्ट्रीय संशोधनात पुण्यातील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थाही सहभागी होती. लवकर उपचार घेतलेल्या व्यक्तीकडून जोडीदारास होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले. नियमित औषधाने विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला व तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो पसरत नाही, हे आता मान्य झाले आहे. विवाह व अपत्य ही दारे त्या तरुणाला बंद होत नाहीत.

तरुणांना केंद्रापर्यंत आणण्याचे उपाय फारसे खर्चिक नाहीत. मालमोटारींच्या थांब्यावर सायंकाळी भरविलेल्या शिबिरात डोळे, रक्तदाब, साखर आणि एचआयव्ही या तपासण्या एकाच रांगेत ठेवल्या, तर कोण कशासाठी आला हे कोणास कळत नाही. पत्नीच्या प्रसूतिपूर्व तपासणीस पतीला बरोबर बोलावणे हा दुसरा उपाय. त्याने दोघांचे अहवाल एकाच वेळी मिळतात आणि दोषारोपास वाव राहत नाही.

शासकीय केंद्रातील तपासणी मोफत असून तीस गावाची वा जिल्ह्याची अट नाही. आपल्या तालुक्यात कोणी पाहील अशी धास्ती वाटणारा बसवकल्याणचा तरुण उमरगा, निलंगा अथवा सोलापूर येथील शासकीय रुग्णालयात जाऊ शकतो. कामानिमित्त मुक्काम हलला तर औषधोपचारही एका एआरटी केंद्राकडून दुसऱ्याकडे, राज्याची सीमा ओलांडूनसुद्धा, वर्ग करून घेता येतो. प्रथम केवळ विचारपूस करावयाची असल्यास १०९७ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे.