नाव कुणाचं लावायचं?

माझा जुना संगणक कुरकुरायला लागला, तेव्हा साताऱ्यातल्या पुतण्यानं त्यावर एक फुकट मिळणारी प्रणाली चढवून दिली. मराठी झकास टाईप व्हायला लागलं. मी खुशीत म्हणालो, "तुझं लिनक्स बरं चाललंय की!" तो लगेच म्हणाला, "चाचा, नुसतं लिनक्स नका म्हणू. ग्नू-लिनक्स म्हणा." मला हसू आलं. फुकटच्या वस्तूच्या नावावरून कसला वाद? पण त्यानं हकीगत सांगितली आणि हसू मावळलं.

१९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन या संगणकतज्ज्ञानं एक संकल्प जाहीर केला. त्या काळी 'युनिक्स' ही प्रणाली नावाजलेली होती, पण तिचे हक्क एका कंपनीकडे होते. स्टॉलमनना तिच्यासारखीच, पण कुणालाही वापरता, तपासता, बदलता आणि वाटता येईल अशी प्रणाली हवी होती. नाव ठेवलं 'ग्नू', म्हणजे 'ग्नू हे युनिक्स नव्हे'. पुढच्या सात-आठ वर्षांत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बरीचशी अवजारं तयार केली. प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर, मजकूर लिहिण्याचा एडिटर, हुकूम घेणारं शेल. राहिला होता तो गाभा, म्हणजे कर्नल. मेमरी, डिस्क, कीबोर्ड यांच्याशी बोलणारा भाग.

असा गाभा १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं हौसेनं लिहिला. त्याच्या मनात नाव होतं 'फ्रीक्स'. स्वतःचं नाव द्यायला तो संकोचत होता. फाइली ठेवून घेणाऱ्या सहकाऱ्यानं परस्पर 'लिनक्स' लिहिलं. गाभा आणि अवजारं जुळली, घर उभं राहिलं आणि अख्ख्या घराला गाभ्याचंच नाव पडलं.

स्टॉलमन म्हणतात, दोन्ही नावं लावा. प्रश्न केवळ श्रेयाचा नाही, ग्नू हे नाव गेलं की त्यामागचा स्वातंत्र्याचा विचारही विसरला जातो. दुसरी बाजूही पोकळ नाही. या प्रणालीत हजारोंचे हात लागले आहेत. सगळ्यांची नावं जोडली तर मतदारयादीच होईल. लोकांच्या तोंडी रुळलं तेच नाव, असं ते म्हणतात. डेबियन ही आवृत्ती 'ग्नू-लिनक्स' अशी जोडनावानं ओळख सांगते. तिच्यावर बेतलेल्या आपल्या सी-डॅकच्या 'बॉस'नंही तेच जोडनाव घेतलं. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये मात्र गाभा लिनक्सचा, पण ग्नूची अवजारं जवळपास नाहीत. दोन्हींना नुसतं लिनक्स म्हटलं तर फरक कळणार कसा? पुतण्याचा हा मुद्दा मला पटला.

सांगलीला हे बोलायला येताना शेजारच्या मिरजेची आठवण झाली. तिथले शिकलगार, एके काळी हत्यारांना धार लावणारे, पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे घडवत आले. मैफलीच्या पत्रिकेवर गवयाचं नाव असतं. भोपळा कोरणाऱ्याचं, जवारी लावणाऱ्याचं नसतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा निदान गावाच्या नावावर कायद्याची मोहर उमटली.

माझंही एक जुनं दुखणं आहे. एका कार्यक्रमात माझी गझल गायली गेली. निवेदकानं गायक, संगीतकार, तबलजी, अगदी मंडपवाल्याचंही नाव घेतलं. कवीचं राहून गेलं. मी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतो. पैशांचं काही वाटलं नाही, ते ठरलेच नव्हते. नावाचं वाटलं.

बोलताना माझ्या तोंडून आजही 'लिनक्स'च निघतं. लिहिताना मात्र मी दोन्ही नावं लिहितो. परवा पुतण्याला हे अभिमानानं सांगितलं. तो म्हणाला, "शाब्बास चाचा! आता आणखी एक करा. इंग्रजीत 'फ्री' म्हणजे फुकटही आणि स्वतंत्रही, म्हणून त्यांचा घोळ होतो. आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत. याला फुकट नका म्हणू, मुक्त म्हणा."