ठणका थांबला, दुखणे नव्हे

दुकानाच्या धावपळीत दाढेचे दुखणे लवंगेच्या तेलावर आणि वेदनाशामक गोळीवर पुढे ढकलले जाते. एके दिवशी ठणका आपोआप थांबतो व दाढ बरी झाली, असा समज होतो. वास्तविक तेव्हा आतील नस मृत झालेली असू शकते. जंतुसंसर्ग मात्र मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात पसरू लागतो. मृत नसेला रक्तपुरवठा उरत नसल्याने प्रतिजैविकांचाही तेथे उपयोग होत नाही. अशा वेळी दात वाचविण्याचा मार्ग म्हणजे रूट कॅनाल.

दाढ बधिर करून आतील सडलेला भाग काढतात. दाढेच्या मुळांत साधारणतः तीन किंवा चार नलिका असतात. त्या बारीक फाइलने साफ करून, जंतुनाशकाने धुऊन, झाडाच्या चिकापासून मिळणाऱ्या गटापर्चाने भरतात.

खरी चूक यानंतर होते. वेदना गेली की रुग्ण तात्पुरत्या भरणावरच थांबतो. ते झिजून जंतू पुन्हा आत शिरतात; पोकळ झालेली दाढ चावताना तडकते आणि अखेर काढावी लागते. म्हणून पक्के भरण व कॅप हे दाढेच्या उपचाराचेच अंग मानावे आणि त्यांचा खर्च आरंभीच विचारून घ्यावा.

मधुमेह, ॲलर्जी व रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची माहिती डॉक्टरांना द्यावी. गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. उपवास वा चौविहार असल्यास औषधांच्या वेळा आधी ठरवून घ्याव्यात. चेहऱ्यावर सूज, ताप किंवा गिळण्यास त्रास जाणवल्यास मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.