फोन आणि आपण (भाग 9) : नंबर ओळखीचा, माणूस भलताच

मागच्या भागात ओटीपी मागणाऱ्या फोनबद्दल बोललो. तिथे नंबर तरी अनोळखी असतो. आजचा प्रकार त्याहून अवघड आहे.

ऑगस्ट 2021 मध्ये मंत्रालयातल्या एका अधिकाऱ्याला फोन आला. नंबर शरद पवारांच्या मुंबईतल्या ‘सिल्व्हर ओक’ या निवासस्थानाचा, आवाज पवारांसारखा, विषय बदल्यांचा. अधिकाऱ्याला शंका आली आणि त्यांनी सिल्व्हर ओकवर फोन लावून विचारले. तिथून असा फोन गेलाच नव्हता. आवाजाची नक्कल केली होती आणि नंबर एका ॲपने दाखवला होता. प्रकरण गावदेवी पोलिसांकडे गेले.

असे होऊ कसे शकते? कॉल जोडताना एका कंपनीची यंत्रणा दुसरीला एक छोटा संदेश पाठवते. कॉल कोणाला जायचा आणि तो कोणाकडून आला, हे दोन्ही त्यात असते. ‘कोणाला’ चुकले तर कॉल भलतीकडेच जाईल, म्हणून ते बरोबर असावेच लागते. ‘कोणाकडून’च्या जागी काहीही लिहिले तरी कॉल जुळतो. ही पद्धत ठरली तेव्हा टेलिफोन मोजक्या, बहुतेक सरकारी यंत्रणांच्या हातात होते आणि त्या एकमेकींचे म्हणणे खरे मानत. पुढे इंटरनेटवरून कॉल लावता येऊ लागले आणि ती मोकळी जागा कोणालाही भरता येऊ लागली. यालाच ‘स्पूफिंग’ म्हणतात. पडद्यावरचा नंबर हा फक्त फोन करणाऱ्याचा दावा आहे, एवढे घरातल्या ज्येष्ठांना समजावून सांगितले तरी पुष्कळ काम होईल.

मात्र भामटा नंबर दाखवू शकतो, त्या नंबरवर आलेला फोन उचलू शकत नाही. तुम्ही उलटा फोन लावला की तो खऱ्या मालकाकडेच जातो. मंत्रालयातला डाव फसला तो यामुळेच. बँकेच्या नावाने फोन आला तर तो ठेवावा आणि कार्डाच्या मागे छापलेला नंबर स्वतः दाबून विचारावे. समोरचा सांगतो त्या नंबरवर मुळीच लावू नये, तो त्याचाच असतो.

आता दुसरी बाजू. तिच्याकडे फार कमी लक्ष जाते आणि मला तीच जास्त बोचते. समजा, नागपूरच्या इतवारीतल्या एखाद्या किराणा व्यापाऱ्याचा नंबर भामट्यांनी वापरला. त्याच्या फोनला, सिमला कोणी हातही लावलेला नाही. तरी दुपारपासून अनोळखी लोकांचे फोन सुरू होतात. ‘आत्ताच तुमच्या नंबरवरून फोन आला होता ना जी, आणि आता नाही म्हणता?’ कोणी शिव्या देतो, कोणी पैसे परत मागतो. काहीजण ट्रूकॉलरवर त्याला ‘फ्रॉड’ ठरवून मोकळे होतात आणि मग त्याचे नेहमीचे गिऱ्हाईकही फोन उचलेनासे होते. दुकानाच्या सगळ्या ऑर्डरी ज्या नंबरवर येतात, तो बंद तरी कसा करायचा?

अशा वेळी वाद घालू नये. ‘माझा नंबर कोणीतरी खोटा दाखवत आहे, मी फोन केलेला नाही, तुमचे पैसे गेले असतील तर आधी 1930 या सायबर हेल्पलाइनवर सांगा,’ एवढेच शांतपणे सांगावे. आलेल्या फोनच्या वेळा लिहून ठेवाव्यात आणि नागपूर सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार द्यावी. तुमच्या नंबरवरून त्या वेळी कॉल गेलाच नव्हता, हे कंपनीच्या नोंदीत दिसते. उद्या कोणी तुमच्याविरुद्ध तक्रार केली तर तोच तुमचा पुरावा. ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर तुमच्या नावावर किती सिम आहेत तेही पाहून घ्यावे. एखादे अनोळखी सिम निघाले तर प्रकरण स्पूफिंगचे नाही, तुमच्या कागदपत्रांच्या गैरवापराचे आहे.

मग अशा भामट्यांचा माग लागत नाही का? जानेवारी 2023 मध्ये नितीन गडकरी यांच्या नागपूरमधील खामल्यातल्या जनसंपर्क कार्यालयात खंडणीचे फोन आले. पोलिसांनी माग काढला, तो बेळगावच्या हिंडलगा कारागृहात पोचला. खऱ्या फोनवरून केलेल्या कॉलचा माग असा लागू शकतो. बनावट नंबरचा माग काढायचा तर कॉल ज्या ज्या कंपन्यांतून आला, त्या प्रत्येकीच्या नोंदी एकेक पायरी मागे तपासाव्या लागतात आणि शेवटची पायरी बहुधा परदेशात असते.

म्हणूनच 22 ऑक्टोबर 2024 ची तारीख मला महत्त्वाची वाटते. त्या दिवशी केंद्राने परदेशातून +91 दाखवत येणारे बनावट कॉल वेशीवरच अडवणारी यंत्रणा सुरू केली. पहिल्या 24 तासांत सुमारे 1.35 कोटी कॉल अडवले गेले, म्हणजे परदेशातून भारतीय नंबर दाखवत आलेल्या एकूण कॉलपैकी सुमारे 90 टक्के! दूरसंचार कायदा 2023 नुसार दूरसंचार ओळखीत फेरफार करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही धोका सरलेला नाही. देशातच डझनावारी सिम एका पेटीत बसवून परदेशी कॉल स्थानिक म्हणून सोडणाऱ्या टोळ्या आहेत, आणि व्हॉट्सॲपवर पोलिसाचा फोटो लावायला स्पूफिंगही लागत नाही. असे संशयास्पद कॉल ‘संचार साथी’वरच्या ‘चक्षू’त नोंदवावेत.

चुकून येणाऱ्या फोनचा आणखी एक प्रकार आहे आणि त्यात कोणीच भामटा नसतो. बंद केलेला मोबाइल नंबर 90 दिवसांनी दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. मग नव्या मालकाला जुन्याच्या कर्जवसुलीचे फोन येतात. असे होत असेल तर त्या बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. बंद झालेल्या नंबरांची यादी तपासून आपल्या नोंदी अद्ययावत करा, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2025 च्या परिपत्रकात बँकांना सांगितले आहे. पत्रात त्याचा उल्लेख जरूर करा.

तुमचाच जुना नंबर दुसऱ्याच्या हाती गेला तर त्यासोबत काय काय जाते, ते पुढच्या आठवड्यात पाहू.