जुनेराची गोधडी

गोधडी म्हणजे जुन्या सुती कापडाचे थर एकावर एक पसरून, धावदोरा घालून शिवलेले अंथरूण किंवा पांघरूण. कोल्हापूर-साताऱ्याकडे तिला वाकळ म्हणतात, बेळगाव-धारवाडकडे कौदी; तान्ह्या बाळापुरती शिवली की ते दुपटे. रजईत कापूस भरतात आणि तो गोळा झाला की पिंजाऱ्याला शोधावे लागते. गोधडीच्या पोटात कापडच असते आणि टाके त्याला जागचे हलू देत नाहीत. थरांमध्ये हवा अडकून राहते, तीच ऊब धरते.

तिचा सगळा गुण जुनेरात आहे. वर्षानुवर्षे धुऊन, पिळून, वाळवून मऊ झालेले नऊवारी लुगडे अंगाला जसे लागते, तसे कोरे कापड कितीही महाग घेतले तरी लागत नाही. शिवाय ते आटायचे तेवढे आटलेले आणि रंग सोडायचा तेवढा सोडलेले असते. धोतर, पंचा, जुनी चादर, परकर असे सुती असेल ते चालते. नायलॉन आणि टेरिलीनच्या साड्या घरोघर आल्या, तशा त्याही गोधडीत शिरल्या. त्या टिकतात खऱ्या, पण घाम शोषत नाहीत आणि अंगावरून घसरतात. अशी गोधडी नाइलाजाचीच म्हणायची.

शिवायला आधी मोकळी जमीन लागते. सर्वांत धडधाकट साडी अस्तर म्हणून खाली अंथरतात, सुरकुती काढतात, कोपऱ्यांवर वजन ठेवतात. त्यावर विरलेली कापडे फाटका भाग टाळून एकेरी पसरायची, एकाचा काठ दुसऱ्यावर थोडा चढवायचा. कुठे दुहेरी पडले तर तिथे उंचवटा राहतो आणि झोपणाऱ्याच्या पाठीला तो बरोबर सापडतो. वरून दुसरी साडी किंवा ठिगळे जोडून केलेला पदर येतो. मग हातभर अंतरावर कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना धरून ठेवतात. खरी शिवण त्यानंतर सुरू होते: लांब सुई, दुपदरी सुती दोरा, कडेपासून आत चौकोनामागून चौकोन, दोन ओळींत दोन बोटांचे अंतर. सुईवर एका वेळी चार-पाच टाके चढवायचे आणि दोरा ओढताना हात सैल ठेवायचा. ताण पडला की कापड चुण्या धरते. मशीनवर खालचा थर पुढे सरकतो आणि वरचा मागे राहतो, म्हणून जाड गोधडीला हातशिवणच बरी. काम रोज दुपारी तासभर केले तरी पुढे जाते, मध्येच टाकून उठले तरी बिघडत नाही आणि गप्पा मारता मारता होते. घरकामांत हे सुख सगळ्याच कामांना नाही.

कर्नाटकात याच कामाची एक देखणी रीत आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत राहणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी स्त्रिया कवंदी शिवतात. त्या वरचा पदर आधी जोडून घेत नाहीत. अस्तराच्या कडेपासून एकेक तुकडा दुमडून लावत आणि शिवत मध्यापर्यंत जातात. कोपऱ्यांवर घडी घातलेले त्रिकोणी तुकडे बसवतात, त्यांना फुला म्हणतात. फुला नसतील तर कवंदी अपुरी मानतात. अमेरिकी कला-इतिहासकार हेन्री ड्रूअल यांच्या अभ्यासामुळे ही कला परदेशातही पोहोचली.

कर्नाटकातच, पण शहरात यायचे तर बेंगळुरूच्या जुन्या पेठेतील भावसार क्षत्रिय आणि नामदेव शिंपी कुटुंबांची घरची भाषा मराठी आणि परंपरागत व्यवसाय कापड रंगवणे व शिंपीकाम. याच शहरातले इंदिरानगर त्या मानाने अगदी नवे, १९७० च्या दशकाच्या अखेरीस वसलेले. गोधडीला मात्र बेंगळुरूची हवा मानवते. शहर सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा पंधरा-सोळा अंशांवर येतो. जाड रजईत घाम फुटावा आणि नुसत्या चादरीत पाय गार पडावेत, अशा या थंडीला तीन-चार थरांची गोधडी पुरते. अडचण आहे ती जागेची. इंदिरानगरात बंगल्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या फ्लॅटमध्ये सहा फुटांची जमीन मोकळी करायची तर सोफा सरकवावा लागतो. त्यापेक्षा दुपट्यापासून सुरुवात केलेली सोपी.

तिथल्या शंभर फुटी रस्त्यावर बुटिक आणि सीएमएच रोडवर साड्यांची दुकाने भरपूर. शिंप्याकडून कात्रणेही मागून आणता येतात. पण ती कोऱ्या कापडाची. न धुता वापरली तर पहिल्याच धुण्यात प्रत्येक तुकडा वेगळा आटतो आणि गोधडी वाकडी होते. म्हणून कात्रणे आधी रात्रभर पाण्यात भिजवावीत, पक्क्या-कच्च्या रंगाची वेगळी करावीत आणि तीही फक्त वरच्या पदराला लावावीत. पोटात जुनेरच हवे.

पाच-सहा सुती साड्यांची गोधडी कोरडी दोन-अडीच किलो भरते आणि भिजली की एकट्याला उचलवत नाही. नदीवर ती दोघी मिळून पिळत. फ्लॅटमध्ये धुलाई यंत्राच्या क्षमतेचा अंदाज घेऊन, हलक्या फेरीत धुवावी. वाळायला गच्चीवरचे कडक ऊन दोन दिवस तरी लागते. बेंगळुरूत जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पावसाचा भरवसा नसतो, तेव्हा मोठी धुणी फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकलेली बरी. वरचा पदर आधी कडेला, हनुवटीखाली विरतो. तिथे ठिगळ लावतात. सगळाच गेला तर वरून नवी साडी चढवून पुन्हा टाके घालतात आणि जुनी गोधडी नव्या गोधडीच्या पोटात जाते.