कॅरोलाइनचं माहेर

लॉरा इंगल्स वाइल्डरच्या ‘लिटल हाऊस’ मालिकेतली आई म्हणजे कॅरोलाइन इंगल्स. लाखो वाचकांना ती ठाऊक आहे, पण या बाईचं माहेर कुठलं, तिने काय सोसलं, हे पुस्तकांत फारसं येत नाही. ते शोधायचं तर जुनी दफ्तरं उघडावी लागतात. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी शेतकरी बाईचा माग कसा काढावा, हे तिच्याइतकं चांगलं क्वचितच कुणी शिकवेल.

कॅरोलाइन क्वाइनरचा जन्म १८३९ साली विस्कॉन्सिनमधल्या ब्रुकफील्डचा. तिच्या बालपणीच वडील मिशिगन सरोवरात बुडाले. विधवा आईने पुढे फ्रेडरिक होल्ब्रुकशी लग्न केलं. म्हणजे एकाच घरात आई होल्ब्रुक आणि मुलं क्वाइनर! संशोधकाची पहिली वाट इथेच चुकू शकते. १८६० मध्ये ती चार्ल्सशी लग्न करून इंगल्स झाली. तिच्या भावाने चार्ल्सची बहीण केली होती, आणि पुढे तिची बहीण चार्ल्सच्या भावाला दिली गेली. असं साटंलोटं असलं की एका घराची नोंद दुसऱ्या घराचा पत्ता देते.

अमेरिकेची खानेसुमारी १७९० पासून दर दहा वर्षांनी होते. पण १८४० पर्यंत नाव लिहिलं जाई ते फक्त कुटुंबप्रमुखाचं. बायका-मुलं म्हणजे वयोगटांच्या रकान्यांतले आकडे. १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव येऊ लागलं. गुलामगिरीत असलेल्या स्त्रियांना तेही मिळालं नाही. १८५० आणि १८६० च्या वेगळ्या यादीत मालकाच्या नावाखाली बहुधा त्यांचं वय, लिंग आणि वर्ण एवढंच सापडतं. मुक्त झाल्यावर, १८७० मध्ये, त्यांच्यापैकी बहुतेकींची नावं पहिल्यांदा लिहिली गेली. कुटुंबप्रमुखाशी नातं काय, हा रकाना तर १८८० मध्ये आला. त्याआधीच्या यादीत घरातली बाई पत्नी, बहीण की वहिनी, हे इतर कागदांवरूनच ठरवावं लागतं. त्यात १८९० ची जवळपास सगळी खानेसुमारी गेली, कारण १९२१ मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीत तिची फार हानी झाली. त्यामुळे १८८० नंतर एकदम १९०० गाठावं लागतं.

अशा मधल्या काळात घरचं बायबल उपयोगी पडतं. त्याच्या कोऱ्या पानांवर जन्म, लग्नं, मृत्यू लिहायची रीत होती. इंगल्सांच्या बायबलात लॉराच्या धाकट्या बहिणीचा, कॅरीचा, जन्म कॅन्ससच्या माँटगोमेरी काउंटीत, १८७० साली झाल्याचं लिहिलं आहे. लॉराच्या कादंबरीत त्यांचं तिथलं घर इंडिपेंडन्स गावापासून ४० मैलांवर आहे; ही नोंद आणि खानेसुमारी ताडून पाहिल्यावर जागा सापडली ती सुमारे १३ मैलांवर. लॉरा तेव्हा तीन वर्षांची होती. आठवणीला कागदाची जोड लागते ती अशी.

कॅरोलाइनला एक मुलगाही होता. फ्रेडी १८७५ च्या नोव्हेंबरमध्ये जन्मला आणि पुढच्या ऑगस्टमध्ये गेला. १८७० आणि १८८० या दोन खानेसुमारींच्या मध्ये त्याचं सगळं आयुष्य संपलं. मालिकेतही तो नाही. अशी किती बाळं हरवली असतील! म्हणूनच १९०० च्या खानेसुमारीत बायकांना विचारलेला प्रश्न मोलाचा आहे: किती मुलं झाली आणि किती हयात आहेत? दोन आकड्यांतली तफावत संशोधकाला दफनभूमीच्या नोंदींकडे वळवते.

जमिनीचे कागदही बोलतात. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने विधवा आणि अविवाहित स्त्रियांना स्वतःच्या नावावर १६० एकरांपर्यंत जमीन मागता येई. नवऱ्याबरोबर नांदणारी बाई मात्र सहसा त्याच्याच अर्जात सापडते. घर, विहीर, नांगरलेली जमीन, साक्षीदार शेजारी असा तपशील त्या फाइलींत असतो. आणि माहेरचं आडनाव हवं असेल, तर विसाव्या शतकात वारलेल्या मुलांचे मृत्यूचे दाखले पाहावेत. त्यांत आईचं मूळ नाव बहुधा विचारलेलं असतं.

कॅरोलाइन १९२४ मध्ये साउथ डकोटातल्या डी स्मेटला वारली. तिची लेक लेखिका झाली म्हणून निदान तिचं नाव उरलं. बाकीच्या असंख्य जणींसाठी हे काम आपणच करायचं आहे: भावाच्या लग्नाची नोंद, शेजाऱ्याची साक्ष, लेकराचा दाखला एकत्र वाचायचा आणि कुटुंबाच्या वंशावळीत तिचं नाव माहेरच्या आडनावासकट लिहायचं.