मोटारगाडीचे सिरॅमिक कोटिंग

सिरॅमिक कोटिंग म्हणजे मोटारगाडीच्या रंगाच्या सर्वांत वरच्या थरावर हाताने चढवला जाणारा आणि वाळल्यावर काचेसारखा कडक होणारा पारदर्शक लेप होय. रंगाची चकाकी टिकवणे, पाणी व मळ चिकटू न देणे आणि ऊन, पक्ष्यांची विष्ठा व झाडांचा चीक यांपासून रंगाचे रक्षण करणे ही त्याची कामे आहेत. हा लेप व्यावसायिक केंद्रांत लावला जातो, तसाच तो घरीही लावता येतो. तो रंगाचे रक्षण करतो, पत्र्याचे नव्हे. पालघर जिल्ह्यातील आगाशी व अर्नाळा यांसारख्या समुद्रकाठच्या गावांत हा फरक विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण खाऱ्या हवेमुळे तेथे गाडीचा पत्रा गंजण्याचा धोका मोठा असतो.

रंगाचे थर आणि लेपाचे स्वरूप

कारखान्यात गाडीच्या पोलादी पत्र्यावर प्रथम गंजरोधक प्रक्रिया केली जाते. त्यावर प्रायमर, मग रंगाचा थर आणि शेवटी क्लिअरकोट हा पारदर्शक थर दिला जातो. या सर्व थरांची एकत्रित जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन असते. त्यांपैकी क्लिअरकोट सुमारे ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचा बचाव हाच थर करतो.

सिरॅमिक कोटिंग या क्लिअरकोटवर बसते. त्यातील सिलिकॉनयुक्त रेणू हवेतील बाष्पाशी अभिक्रिया करून एकमेकांना जोडले जातात आणि घट्ट जाळे तयार होते. ते जाळे रंगाच्या पृष्ठभागाला रासायनिक बंधांनी धरून राहते, म्हणून साध्या धुण्याने निघत नाही. तयार झालेला लेप मात्र एक-दोन मायक्रॉन किंवा त्याहूनही पातळ असतो. अळवाच्या पानावर पाणी न पसरता त्याचे थेंब व्हावेत, तसे या लेपावर होते.

जाहिरातींत आढळणारी ‘९एच’ ही संज्ञा पेन्सिलींच्या कठीणपणाच्या मापनपद्धतीतील आहे. ठरावीक कठीणपणाच्या पेन्सिलीने लेपावर ओरखडा पडतो की नाही, हे या चाचणीत पाहिले जाते. खनिजांच्या कठीणपणाच्या मोह्स श्रेणीशी तिचा संबंध नाही. त्यामुळे ‘९एच’ लेप असलेल्या गाडीवर किल्लीने किंवा खड्याने ओरखडा पडणार नाही, असे समजणे चुकीचे आहे.

किनारपट्टीवरील परिस्थिती

आगाशी हे वसई तालुक्यातील गाव विरारच्या पश्चिमेस समुद्राजवळ आहे. लाटा फुटताना उडालेले सूक्ष्म खारे तुषार वाऱ्याबरोबर जमिनीकडे येतात आणि गाड्यांवर मिठाचा न दिसणारा थर बसतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी शोषून स्वतःच विरघळते. पावसाळ्यात किनारपट्टीवर आर्द्रता बहुधा यापेक्षा अधिक असते. त्यामुळे पाऊस न पडताही पत्र्यावर खारट ओलावा टिकून राहतो आणि जेथे रंग फुटला असेल तेथे गंज चढत जातो.

असा गंज बहुधा दिसणाऱ्या चकचकीत भागावर सुरू होत नाही. दारांच्या खालच्या कडा, मडगार्डच्या आतील बाजू, पत्र्याचे जोड, चेसिस आणि दगड लागून रंग उडालेल्या जागा येथे तो सुरू होतो. यांपैकी बहुतेक ठिकाणी सिरॅमिक कोटिंग पोहोचतच नाही.

समुद्रापासून पृष्ठभागाचे रक्षण करणे ही गोष्ट या किनाऱ्याला नवी नाही. सोळाव्या शतकात आगाशी हे लाकडाच्या व्यापारासाठी व जहाजबांधणीसाठी ओळखले जात होते. पश्चिम किनाऱ्यावरील लाकडी होड्यांना पाण्याखालच्या भागात चुना व तेलाचे मिश्रण आणि वरच्या भागात माशाचे तेल लावण्याची पद्धत होती. भागानुसार वेगळा लेप आणि त्याची ठरावीक काळाने पुनरावृत्ती हे त्यामागील तत्त्व मोटारगाडीलाही लागू पडते.

घरी लावण्याची पद्धत

लेप लावण्यापेक्षा त्याआधीच्या तयारीस अधिक वेळ लागतो. लेपाखाली अडकलेला डाग किंवा ओरखडा नंतर सहज काढता येत नाही.

१. धुणे : गाडी सावलीत, थंड असताना धुतली जाते. एका बादलीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत हातमोजा खंगाळण्यासाठी स्वच्छ पाणी ठेवतात, म्हणजे निघालेली वाळू पुन्हा रंगावर घासली जात नाही.

२. चिकटलेले कण काढणे : ब्रेकमधून उडणारे लोहकण विशिष्ट द्रावणाने विरघळवतात. त्या वेळी द्रावण जांभळे होते. डांबराचे डाग वेगळ्या द्रावणाने काढतात. त्यानंतर पृष्ठभाग ओला ठेवून त्यावर क्ले फिरवतात.

३. पॉलिश : बारीक ओरखडे यंत्राने पॉलिश करून घालवतात. या क्रियेत क्लिअरकोटचा थोडा भाग झिजतो, म्हणून ती वारंवार करू नये. नव्याने रंगवलेल्या भागावर रंग पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे साधारण महिनाभर, लेप लावत नाहीत.

४. तेलकटपणा काढणे : पॉलिशमधील तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या सौम्य द्रावणाने पुसतात. तेल राहिल्यास लेप रंगाला धरत नाही.

५. लेप लावणे : स्पंजच्या ठोकळ्यावर गुंडाळलेल्या मऊ कापडावर काही थेंब घेऊन साधारण दोन फूट लांब-रुंद भागावर आधी आडवे, मग उभे हात फिरवतात. पृष्ठभागावर इंद्रधनुषी झाक दिसू लागली की मायक्रोफायबर कापडाने तो भाग पुसतात आणि दुसऱ्या स्वच्छ कापडाने पुन्हा फिरवतात. पुसण्यास उशीर झाल्यास काळपट चट्टे राहतात आणि ते काढण्यासाठी पुन्हा पॉलिश करावे लागते.

६. सुकणे : गाडी किमान १२ ते २४ तास पाण्यापासून व दवापासून दूर ठेवतात आणि साधारण आठवडाभर शाम्पूने धूत नाहीत. नेमका काळ उत्पादनानुसार बदलतो.

लेपातील द्रावक ज्वलनशील असतात व त्यांची वाफ त्रासदायक असते. काम हवेशीर जागी, हातमोजे व योग्य मास्क घालून, आगीपासून दूर करणे आवश्यक आहे. वापरलेली कापडे कडक होतात. ती धुऊन पुन्हा गाडीसाठी वापरल्यास ओरखडे पडतात.

योग्य काळ

लेप बाष्पाच्या साहाय्याने घट्ट होत असल्याने दमट हवेत तो अपेक्षेपेक्षा लवकर बसतो आणि पुसण्यास अवधी कमी मिळतो. त्यामुळे कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात हे काम टाळणे इष्ट असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ अधिक सोयीचा असतो. पहाटेचे दव सुकल्यानंतर आणि ऊन तापण्यापूर्वी, बंदिस्त किंवा छताखालच्या जागेत काम केल्यास धूळही कमी बसते.

मर्यादा व निगा

सिरॅमिक कोटिंग दगडांच्या माऱ्यापासून संरक्षण देत नाही. त्यासाठी पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म वापरतात. ती साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाडीची असते आणि बहुधा बॉनेट व बंपरवर बसवली जाते. मेण हा सर्वांत स्वस्त पर्याय असला तरी ते काही आठवड्यांतच झिजते.

जड पाण्याचे डागही लेपाने टळत नाहीत. विहिरीच्या किंवा बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याचे थेंब वाळले की कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात. म्हणून धुतल्यावर गाडी लगेच कोरडी पुसणे हितावह असते. विष्ठा व चीक लवकरात लवकर काढावा लागतो. दसऱ्याच्या वाहनपूजेतील हळद-कुंकू कोरड्या फडक्याने पुसल्यास बारीक ओरखडे पडतात. ते भरपूर पाण्याने धुऊन काढणे योग्य ठरते.

समुद्रकाठच्या गाडीसाठी अधिक उपयुक्त उपाय तुलनेने कमी खर्चाचे आहेत. खालची बाजू व मडगार्डचे आतील भाग नियमितपणे गोड्या पाण्याने धुणे, रंग उडालेल्या जागी वेळीच टचअप करणे, दारांच्या खालची पाणी निचरण्याची छिद्रे मोकळी ठेवणे आणि चेसिसला गंजरोधक लेप देणे हे ते उपाय होत. सिरॅमिक कोटिंग यांना पूरक ठरते, पण त्यांची जागा घेऊ शकत नाही.