एक फुटाचा डबा, सतरा मीटरची लाट

लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत सबवूफर ऐकायला गेलं की बहुतेक ठिकाणी स्फोट ऐकवतात. पडद्यावर इमारत कोसळते, शोकेसच्या काचा थरथरतात आणि गिऱ्हाईक खूश होतं. सबवूफर पारखायला स्फोटाइतकी निरुपयोगी गोष्ट दुसरी नाही. तो खरा कसा वाजायला हवा हे कुणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे डब्याची प्रत्येक चूक त्यात खपून जाते. मी बेस गिटारचा एक संथ तुकडा फोनमध्ये ठेवते. चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की ४१ हर्ट्झचा सूर निघतो, आणि तिथून एकेक सूर वर चढत जातो. एखादा सूर फुगला, एखादा गायब झाला, एखाद्याची घुमी मागे रेंगाळली, तर कानाला लगेच कळतं.

या वेळची पारख ठाण्यातल्या दादा-वहिनीच्या घरासाठी होती. हॉल १४ फूट बाय ११ फूट. पाच छोटे स्पीकर भिंतींवर आधीच लागलेले, रिसीव्हर टीव्हीखाली. राहिला होता सबवूफर, ‘फाइव्ह पॉइंट वन’मधला तो शेवटचा एक. दादाला १२ इंची हवा होता. वहिनीने टेप आणून सोफा आणि बाल्कनीच्या दारामधली जागा मोजली. भरली दीड फूट. “यात बसेल तेवढाच आणा. बाल्कनीत कपडे वाळत घालायला दिवसभर इथूनच ये-जा असते,” ती म्हणाली. मला तिची अट रास्त वाटली. रोज वावरायच्या घरात यंत्राने माणसांच्या वाटेत उभं राहू नये.

पण डबा लहान केला की त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. अमेरिकेत १९५७ साली निघालेल्या ‘केएलएच’ कंपनीच्या नावातला शेवटचा ‘एच’ म्हणजे हॉफमन. स्पीकर बनवणारे आजही त्याच्या नावाने एक नियम सांगतात: लहान डबा, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच पदरात पडतात. कारण सरळ आहे. खर्ज म्हणजे ढकललेली हवा. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर सबवूफरच्या कोनाला, म्हणजे पुढे-मागे हलणाऱ्या पडद्याला, चौपट हलावं लागतं. १२ इंची कोन ४० हर्ट्झला २ मिलिमीटर हलत असेल, तर २० हर्ट्झला त्याला ८ मिलिमीटर हलावं लागेल. ८ इंची कोनचं क्षेत्रफळ तर १२ इंचीच्या निम्म्याहूनही कमी. त्याच कामासाठी त्याला १८ मिलिमीटर धावावं लागेल, आणि बहुतेक छोट्या कोनांची तेवढी धाव नसतेच.

शिवाय डब्यात कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. एडगर व्हिलचर यांनी १९५४ साली ‘एआर-१’ हा बंद डब्याचा स्पीकर काढला, तो याच हवेला कामाला लावून. डबा जितका लहान तितकी ही स्प्रिंग ताठ, आणि तिला दाबायला वीज जास्त. बंद डब्याचा आवाज एका हद्दीखाली दर सप्तकाला १२ डेसिबलने घसरतो. ती घसरण ॲम्प्लिफायरच्या जोरावर भरून काढायची तर दर सप्तकाला जवळजवळ १६ पट वॅट लागतात. नव्वदच्या दशकात बॉब कार्व्हर यांनी ‘सनफायर’चा जेमतेम ११ इंचांचा घनाकृती सबवूफर आणला, तेव्हा त्यात २७०० वॅटचा ॲम्प्लिफायर बसवला होता. म्हणून लहान सबवूफर घेताना आधी वॅटचा आकडा बघावा, आणि तो आरएमएस, म्हणजे सतत देता येणाऱ्या वॅटचा, आहे ना हे विचारावं. आपल्याकडे स्वस्त स्पीकरच्या खोक्यांवर ‘पीएमपीओ’ म्हणून हजारोंचे आकडे छापायची जुनी खोड आहे. त्या आकड्यांवरून काहीही ठरवता येत नाही.

दादाची शंका वेगळी होती. २० हर्ट्झच्या लाटेची लांबी सुमारे १७ मीटर. “आपला हॉल सव्वाचार मीटरचा. लाट मावणारच नाही, तर ऐकू कशी येणार?” हा गैरसमज पुष्कळांचा असतो. हेडफोनमध्ये तर नावापुरतीच जागा असते, तरी खर्ज ऐकू येतो. लाट मावत नाही तिथे खोलीतली सगळी हवा एकदम दाबली आणि सोडली जाते. बंद खोलीत यातून खालच्या सुरांना उलट बळ मिळतं. या हॉलच्या लांबीच्या हिशेबाने ते साधारण ४० हर्ट्झच्या खाली सुरू होतं, म्हणजे बंद डब्याचा आवाज जिथे घसरू लागतो जवळपास तिथेच. आपल्या विटांच्या भिंती आणि आरसीसी स्लॅब हा दाब चांगला धरून ठेवतात. दारं उघडी असली, हॉल पॅसेजला जोडलेला असला, तर बराच फायदा निसटतो. तरी लहान फ्लॅटमध्ये लहान, बंद डब्याच्या सबवूफरला घर स्वतः हात देतं, हे मी अनेक घरांत ऐकलं आहे.

दुकानात आम्ही तीन डबे लावून घेतले. पहिला ८ इंची, मागे भोक असलेला, म्हणजे पोर्टेड. स्फोट त्याने दणक्यात वाजवला. बेस गिटार खालच्या तारेवर आली तशी भोकातून फुसफुस ऐकू येऊ लागली. लहान डब्यात खोल खर्ज काढायचा तर पोर्टची नळी अरुंद ठेवावी लागते किंवा फार लांब. लांबीला जागा नसते, मग अरुंद नळीतून हवा जोरात जाते आणि तिचाच आवाज होतो. दुसऱ्यात पोर्टऐवजी दोन्ही बाजूंना पॅसिव्ह रेडिएटर, म्हणजे डब्यातल्या हवेनेच हलणारे बिनविजेचे कोन होते. फुसफुस नव्हती, खर्जही खोल होता, पण सूर थांबल्यावर डबा जरा उशिराने थांबत होता. तिसरा १० इंची, बंद, चारी बाजूंनी फुटाहून थोडा मोठा.

मग मी ३० हर्ट्झचा सरळ सूर लावायला सांगितला. “ताई, यात ऐकण्यासारखं काही नाही,” दुकानदार म्हणाला. तेच हवं होतं. इतक्या खालचा सूर मंद असताना जेमतेम जाणवतो आणि कुठून येतो ते कळत नाही. आवाज हळूहळू वाढवत नेला. पहिल्या डब्यातून थोड्याच वेळात गुणगुण येऊ लागली आणि डोळे मिटूनही त्याच्याकडे बोट दाखवता येऊ लागलं. कोन दमला की मूळ सुराच्या तिप्पट, म्हणजे ९० हर्ट्झचा सूर त्यात मिसळतो, आणि तो कुठून येतोय हे कान ओळखतो. तिसरा डबा बराच वरपर्यंत शांत राहिला. मी त्याच्या कोनच्या कडेला हलकेच बोट लावून पाहिलं. कड रबराची होती. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत फोमची कड काही वर्षांत झडते. तोच घेतला.

निम्मं काम इथे झालं, उरलेलं घरी. आधी डबा चक्क सोफ्यावर, बसायच्या जागी ठेवला आणि बेस गिटारचा तुकडा सतत चालू ठेवला. मग दादा सतरंजीवर गुडघे टेकून भिंतीकडेने रांगत गेला, कान डब्याच्या उंचीला ठेवून. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील, ती डब्याची जागा. वहिनीने मोजलेल्या कोपऱ्यात ४१ हर्ट्झचा सूर एवढा फुगला की पुढचे दोन सूर त्याखाली दबले. १४ फुटांच्या लांबीत ४० हर्ट्झच्या आसपासची लाट दोन्ही टोकांच्या भिंतींशी जोर धरते आणि मधोमध विरते. दादा लांब भिंतीच्या साधारण मध्यावर, पुस्तकांच्या कपाटापाशी पोहोचला आणि थांबला. “इथे प्रत्येक सूर वेगळा कळतोय.” तिथे रद्दीचा गठ्ठा होता. वहिनी येऊन स्वतः वाकून ऐकून गेली आणि तिने गठ्ठा उचलला. लहान सबवूफरचा मला वाटणारा मोठा गुण हाच आहे. खोली मागेल त्या जागी तो ठेवता येतो. मोठा डबा बहुतेक घरांत मावेल तिथे राहतो, आणि ती जागा बरी निघाली तर नशीब.

क्रॉसओव्हर ८० हर्ट्झला ठेवला. त्याखालचं सगळं सबवूफरकडे, वरचं भिंतीवरच्या स्पीकरांकडे. मग फेजचं बटण, म्हणजे सबवूफर आणि स्पीकरांच्या लाटांची वेळ जुळवणारं. वहिनी सोफ्यावर बसली, दादा बटण फिरवत गेला. जिथे सांध्यावरचा सूर सगळ्यात भरीव लागला तिथे थांबला. आवाज ठरवायला मी बातम्या लावल्या. निवेदकाच्या आवाजाला छातीतला घोगरेपणा चढला, तर सबवूफरचा आवाज वाजवीपेक्षा मोठा आहे. मग तबला लावला. डग्ग्याचा घुमारा याच सांध्याच्या आसपास वावरतो, आणि मींड घेताना तो मधेच तुटला नाही, तर जुळणी झाली.

शेजाऱ्यांचा विचार यात धरलाच पाहिजे. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबलची आहे, पण ती ज्या ‘ए’ मापाने मोजतात ते खालच्या सुरांना फार कमी धरतं. ४० हर्ट्झचा ८० डेसिबलचा सूर त्या मापात जेमतेम ४५ भरतो. म्हणजे मीटरला चालेल आणि खालच्या मजल्यावरच्या आजींची झोप मोडेल. पायांखालच्या रबरी चकत्या डब्याची थरथर जमिनीत उतरू देत नाहीत. हवेतून स्लॅबमध्ये जाणारा आवाज त्यांनी अडत नाही. लहान आवाजात कानाला खर्ज सगळ्यात आधी ऐकू येईनासा होतो, म्हणून रात्री माणसं सबवूफर वाढवतात. तो तसाच ठेवून रिसीव्हरचा नाइट मोड लावावा.

दादा आता दुसऱ्या सबवूफरचं बोलू लागला आहे, आणि ते बरोबर आहे. हरमन कंपनीचे टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये यावर शोधनिबंध मांडला होता. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक सबवूफर ठेवला की खर्ज एकाच खुर्चीपुरता न राहता सगळ्या जागांवर बराच सारखा होतो. एका मोठ्या डब्याच्या पैशात दोन लहान येत असतील, तर मी दोन लहान घेईन. दोन्ही एकाच मॉडेलचे असले की जुळवणं सोपं जातं, म्हणून पहिला घेतानाच ते मॉडेल वर्षभराने मिळेल का, हे दुकानदाराला विचारून ठेवावं.